टोरांटो, म्हणजे दिसतं तसं नसतं: पाहुण्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना उजाडला की टोरांटोतल्या मराठी घरांत पाहुण्यांचा राबता सुरू होतो. कुणाचे आईवडील, कुणाचे सासूसासरे, कुणाची पुण्याची मावशी. सगळ्यांना बघायचा असतो नायगारा. टोरांटोच्या वाट्याला ‘जाता जाता’चे दोन दिवस येतात. गेली अनेक वर्षं मी हा गाईडपणा करतोय आणि प्रश्न तेच ते येतात. उत्तरं मात्र ऐकणाऱ्याला दर वेळी नवीन वाटतात, कारण या शहराची खोडच अशी आहे की समोर जे दिसतं ते बहुतेक वेळा तसं नसतं. म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवलं.

आधी हे सांगा, ‘टोरांटो’ म्हणायचं कसं?

तुम्ही टोरांटोच म्हणा, कुणी हसत नाही. इथला माणूस दुसरा ‘ट’ गिळतो आणि ‘टोरॉनो’ म्हणतो, घाईत असेल तर नुसतं ‘ट्रॉनो’. खरी गंमत रस्त्यांच्या नावांत आहे. पाटीवरचं स्पेलिंग वाचून तुम्ही ‘योंगे’ म्हणाल, पण तो ‘यंग’ स्ट्रीट. ‘इटोबिको’ या उपनगराच्या शेवटी ‘क’ लिहितात, पण उच्चारत नाहीत. रस्त्याला ‘स्पडायना’ म्हणतात, आणि त्याच स्पेलिंगचं जुनं घर, जिथे आता संग्रहालय आहे, ते ‘स्पडीना’. का, ते विचारू नका. आमचे दोन शेजारी यावरून अजून भांडतात.

टोरांटो म्हणजे ‘भेटण्याची जागा’ ना?

तसं शाळेत शिकवायचे, पण ते चूक. मूळ शब्द मोहॉक या आदिवासी भाषेतला, ‘त्कारोंतो’ असा काहीसा आहे आणि त्याचा अर्थ ‘पाण्यात झाडं उभी आहेत ती जागा’. ही जागा या शहरात नाहीच. ती इथून शंभरेक किलोमीटर उत्तरेला, सिमको सरोवराच्या चिंचोळ्या तोंडाशी आहे. तिथे मासे अडवायला पाण्यात ओळीने खुंट रोवलेले असत, आणि त्यांतले काही चार हजार वर्षांहून जुने निघालेत. कोकणात डोल जाळ्यासाठी मारलेले खुंट ज्यांनी पाहिलेत त्यांना चित्र लगेच दिसेल. फ्रेंचांच्या नकाशांवर हे नाव आधी त्या सरोवराला, मग दक्षिणेकडे येणाऱ्या पायवाटेला चिकटलं आणि सरकत सरकत इथवर येऊन पोचलं.

इंग्रजांनी १७९३ मध्ये गाव वसवलं तेव्हा त्याचं नाव ठेवलं यॉर्क. रस्ते असे होते की लोक त्याला ‘मडी यॉर्क’, म्हणजे चिखलाचं यॉर्क म्हणत. १८३४ मध्ये शहराचा दर्जा मिळाला तेव्हा जुनं नाव परत घेतलं. पहिला महापौर झाला विल्यम लायन मॅकेन्झी नावाचा पत्रकार. तीनच वर्षांनी, १८३७ च्या डिसेंबरात, हेच माजी महापौर हत्यारबंद माणसं घेऊन यंग स्ट्रीटवरून सरकारवर चालून आले. बंड फसलं आणि मॅकेन्झी अमेरिकेत पळाला. त्याच्या मुलीचा मुलगा पुढे कॅनडाचा पंतप्रधान झाला.

ही कॅनडाची राजधानी ना?

नाही. राजधानी ऑटवा. टोरांटो ऑन्टारियो प्रांताची राजधानी आहे. हा प्रश्न दर वर्षी येतो, आणि विचारणारा दर वर्षी ‘अरे हो’ म्हणतो.

अमेरिकेचं व्हाइट हाउस टोरांटोमुळे जळलं, हे खरं का?

अर्ध्याहून जास्त खरं. एप्रिल १८१३ मध्ये अमेरिकन सैन्याने यॉर्क घेतलं आणि इथली विधानसभा जाळली. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये इंग्रज वॉशिंग्टनमध्ये घुसले आणि त्यांनी तिथलं संसद भवन आणि राष्ट्राध्यक्षांचं घर पेटवलं. बदल्यात इतरही हिशेब होते, पण यॉर्क त्यांतलं ठळक. अमेरिकनांनी जाताना विधानसभेचा राजदंडही उचलून नेला होता. तो १९३४ मध्ये, शहराच्या शंभरीला, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी परत पाठवला. एकशे एकवीस वर्षांनी.

हा समोर दिसतो तो समुद्र कुठला?

समुद्र नाही हो, तळं आहे. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, समुद्रपक्षी ओरडतात, पण पाणी गोडं. हे ऑन्टारियो सरोवर, क्षेत्रफळ सुमारे १९,००० चौरस किलोमीटर. आपला अहिल्यानगर जिल्हा, क्षेत्रफळात महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा, १७,००० च्या आसपास. म्हणजे अख्खा जिल्हा आत बुडवला तरी वर जागा उरेल. आणि पाच ग्रेट लेक्समध्ये हे क्षेत्रफळाने सगळ्यात धाकटं!

माझा आवडता भाग पाण्याखाली आहे. पाणी चार अंश सेल्सिअसला सगळ्यात जड असतं, म्हणून ते तळाशी जाऊन बसतं आणि भर उन्हाळ्यातही तिथे तेवढंच थंड राहतं. टोरांटोने २००४ मध्ये काठापासून सुमारे पाच किलोमीटर आत, ८३ मीटर खोलीवर पाइप नेले आणि हे गार पाणी शहरात आणलं. त्याची नुसती थंडी काढून घेतात आणि त्यावर मध्यवर्ती भागातल्या कित्येक इमारतींचं एसी चालतं. मग तेच, शुद्ध केलेलं पाणी पुढे नळांना जातं. म्हणजे जुलैत बँकेच्या इमारतीत तुम्हाला जो गारवा लागतो तो तळ्याच्या तळातला, आणि बाहेर येऊन तुम्ही ग्लासभर पाणी पिता तेही बहुधा त्याच तळ्यातलं. एका निवृत्त इंजिनियर काकांना हे सांगितलं तर ते नायगाराला जायचं सोडून अर्धा तास पाइपांचा व्यास विचारत बसले.

समोरची ती बेटं खरी आहेत की भराव घालून केलेली?

खरी आहेत, पण १८५८ पर्यंत बेटं नव्हती. वाळूचा एक लांब दांडा किनाऱ्याला जोडलेला होता आणि लोक त्यावर घोडागाडीतून फेरफटका मारत. त्या वर्षीच्या वादळाने दांडा पूर्वेकडे फोडला, फट बुजलीच नाही, आणि शहराला फुकटात बेटं मिळाली. भराव म्हणाल तर तो थोडा पूर्वेला बघा. लेस्ली स्ट्रीटच्या टोकाला तळ्यात पाच किलोमीटर लांब जमीन गेली आहे, ती पाडलेल्या इमारतींच्या राडारोड्याची. काठाने चालताना गुळगुळीत झालेल्या विटा आणि गंजलेल्या सळया पायांखाली येतात. माणसांनी टाकलेल्या त्या कचऱ्यावर झाडं उगवली, पाणकावळ्यांनी प्रचंड वसाहत केली, आणि आता ते उद्यान आहे.

बेटांवर सुमारे अडीचशे घरं आहेत, माणसं राहतात, आणि मोटारींना बंदी आहे. संध्याकाळच्या फेरीबोटीत नीट बघा. पर्यटक उतरायच्या घाईत असतात, आणि बेटावरचे रहिवासी सायकलच्या मागे जोडलेल्या छोट्या गाड्यात दूध, टॉयलेट पेपर आणि बटाट्याची पिशवी घेऊन शांत उभे असतात. घर खुल्या बाजारात विकता येत नाही. प्रतीक्षा यादी आहे आणि ती पाचशे नावांवर थांबवलेली आहे. पाहुण्यांतले जे कुणी सोसायटीचे चेअरमन असतात ते इथे हमखास थबकतात.

बेटाच्या टोकाला छोटा विमानतळ आहे. किनारा ते विमानतळ फेरीबोट, अंतर १२१ मीटर. चहा ओतेपर्यंत प्रवास संपतो. २०१५ मध्ये पाण्याखालून चालत जायचा बोगदा झाला, तरी बोट चालूच आहे. बेसबॉलवाल्यांसाठी एक गोष्ट: बेब रूथने व्यावसायिक खेळातला पहिला होम रन याच बेटांवरच्या मैदानात मारला, ५ सप्टेंबर १९१४ रोजी.

यंग स्ट्रीट हा जगातला सगळ्यात लांब रस्ता ना? पूर्वी गिनेस बुकात होतं.

होतं, १,८९६ किलोमीटर. मुंबईहून दिल्लीला गाडीने गेलात तरी चारपाचशे किलोमीटर उरतील. पण हा आकडा आला कसा, तर यंग स्ट्रीट आणि पुढचा ११ क्रमांकाचा महामार्ग एकच धरून. म्हणजे लक्ष्मी रोड बंगळुरूपर्यंत जातो म्हणण्यासारखं. खरा रस्ता सुमारे ५६ किलोमीटर. १९९९ मध्ये गिनेसने विक्रम काढून घेतला, पण टी-शर्ट विकणाऱ्यांपर्यंत ती बातमी पोचायला बरीच वर्षं लागली.

सीएन टॉवरमधलं ‘सीएन’ म्हणजे काय?

कॅनेडियन नॅशनल. रेल्वे कंपनी! टॉवर बांधला रेल्वेवाल्यांनी, त्यांच्या यार्डाच्या जागेवर. कारण साधं होतं. साठच्या दशकात उंच इमारती उठल्या आणि लोकांच्या टीव्हीवर एका माणसाच्या दोन सावल्या दिसू लागल्या. सगळ्यांच्या डोक्यावरून सिग्नल जाईल असा खांब हवा होता. काम १९७३ मध्ये सुरू झालं, १९७६ मध्ये लोकांना आत सोडलं. उंची ५५३.३३ मीटर. माथ्यावरच्या अँटेनाचे तुकडे ‘ओल्गा’ नावाच्या हेलिकॉप्टरने एकेक करून नेऊन ठेवले. बुर्ज खलिफाने २००७ मध्ये मागे टाकेपर्यंत आधाराविना उभी असलेली जगातली सगळ्यात उंच वास्तू हीच होती. त्यावर वर्षाला सरासरी पंचाहत्तर वेळा वीज पडते.

काचेच्या जमिनीबद्दल सगळे विचारतात. ३४२ मीटरवर आहे, खाली मुंगीएवढ्या गाड्या दिसतात. लहान मुलं पालथी पडून खाली बघतात आणि मोठी माणसं कडेच्या सिमेंटवरून बोटं काचेला लावून मागे घेतात. आमची मावशी वर गेली, चपला काढल्या (का, ते तिलाच ठाऊक), डोळे मिटून काच ओलांडली आणि पलीकडे जाऊन म्हणाली, ‘झालं, बघितलं.’

ती पिवळी चमकणारी इमारत सोन्याची आहे का?

आहे. ही थाप नाही. रॉयल बँक प्लाझाच्या चौदा हजार काचांवर खऱ्या सोन्याचा मुलामा आहे, एकूण सुमारे २,५०० औंस. आपल्या हिशेबात सहा हजार तोळ्यांच्या वर. सोनं उष्णता परावर्तित करतं, त्यामुळे आत उन्हाळ्यात कमी तापतं. सत्तरच्या दशकात सोनं आजच्या मानाने स्वस्त होतं. इथे प्रत्येक मराठी पाहुणा तोंडी गुणाकार करतो. उत्तर मी सांगत नाही, भाव रोज बदलतो.

एवढं मोठं शहर, मग जानेवारीत माणसं जातात कुठे?

जमिनीखाली. मध्यवर्ती भागात ‘पाथ’ नावाचं भुयारी जाळं आहे, तीस किलोमीटरच्या आसपास, बाराशेच्या घरात दुकानं आणि खाण्याच्या जागा. उणे वीस असताना लोक आगगाडीतून उतरतात, शर्टाच्या बाह्या दुमडून ऑफिस गाठतात, दुपारी केस कापून घेतात, बुटांना पॉलिश करतात आणि आकाश न बघता घरी जातात. पाटीवरच्या ‘पाथ’च्या चार अक्षरांना चार रंग आहेत आणि त्यांत दिशा लपलेल्या: लाल दक्षिण, केशरी पश्चिम, निळा उत्तर, पिवळा पूर्व. वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात दोन वळणांनंतर सगळे हरवतात, मीही. आता ठरवून टाकलंय, हरवलो की पहिल्या जिन्याने वर यायचं आणि टॉवर कुठे आहे ते बघायचं.

भुयारी रेल्वेचं एक बंद स्टेशनही आहे. बे स्टेशनच्या खाली आणखी एक फलाट, १९६६ मध्ये फक्त सहा महिने वापरला आणि मग बंद केला. आता तिथे शूटिंग होतं. भिंतीवर न्यूयॉर्कच्या पाट्या लावल्या की झालं.

म्हणजे सिनेमात दिसतं ते न्यूयॉर्क टोरांटो असतं?

पुष्कळदा. इथे चित्रीकरण स्वस्त पडतं आणि जुन्या विटांच्या गल्ल्या सारख्याच दिसतात. एक ऐकीव किस्सा सगळे सांगतात: एका पथकाने गल्ली न्यूयॉर्कसारखी दिसावी म्हणून कचरा पसरला, जेवायला गेले, आणि परत येईपर्यंत पालिकेने सगळा उचलून नेला होता. खरा-खोटा देव जाणे, पण सांगणाऱ्याचा चेहरा दर वेळी अभिमानाने फुलतो.

तुमच्या गल्लीतल्या त्या घराचे पडदे कधीच उघडत नाहीत. कोण राहतं?

बहुधा कुणीच नाही. विजेचं सबस्टेशन असेल.

विजेच्या कंपनीने विसाव्या शतकात निवासी भागांत अशी अडीचशेहून जास्त सबस्टेशनं बांधली आणि शेजाऱ्यांच्या डोळ्यांना खुपू नये म्हणून त्यांना घराचं सोंग दिलं. विटांची भिंत, कौलं, खिडक्या, दारापुढे पायऱ्या, कुंपणाशी कापलेली हिरवळ. आत ट्रान्सफॉर्मर. आपल्याकडची कोपऱ्यावरची डीपी आठवा, वर वेल चढलेला, खाली कुत्रं झोपलेलं, आणि मग हे बघा. मी पहिल्यांदा ओळखलं ते आवाजावरून. फेब्रुवारीतली रात्र, बर्फ पडून गेलेलं, गल्ली अगदी चिडीचूप, आणि एका टुमदार बंगल्यातून बारीक गुणगुण येत होती. दाराला कडी होती पण पत्रपेटी नव्हती. पायऱ्यांवरच्या बर्फावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. आता ही घरं हेरायचा मला नादच लागलाय. धूर कुठून निघतो, कचऱ्याचे डबे कधी बाहेर येतात, नाताळात दिवे लागतात का, एवढं पाहिलं की कळतं. बरीच बंद झाली, काही विकली गेली, आणि त्यांत आता खरी माणसं राहतात म्हणे.

कचऱ्याच्या डब्यांना एवढी कुलपं कशाला?

रकून नावाच्या प्राण्यासाठी. डोळ्यांवर काळी पट्टी, शेपटीला कडी आणि हात माणसासारखे. ओल्या कचऱ्याचा हिरवा डबा उघडणं हा त्यांचा पिढीजात धंदा आहे. २०१६ पासून शहराने फिरवायच्या कडीचे नवे डबे दिले. आठवड्याभरात लोकांनी व्हिडिओ काढले: एक जण डबा आडवा पाडतोय, दुसरा कडी फिरवतोय. आमच्या मागच्या दारी पहाटे चारला जो धडाड आवाज होतो तो त्यांचा.

शत्रुत्व असलं तरी माया आहे. जुलै २०१५ मध्ये यंग स्ट्रीटच्या फुटपाथवर एक रकून मेला. पालिकेची गाडी दिवसभर आली नाही. मग कुणी गुलाब ठेवला, कुणी मेणबत्ती, कुणी फ्रेम केलेला फोटो, आणि त्याचं नावही पडलं ‘कॉनराड’. रात्री उशिरा गाडी आली तोवर तिथे रीतसर शोकसभा भरलेली होती.

शहराच्या मधोमध इतकं जंगल कसं राहिलं? बिल्डर झोपले होते का?

नव्हते झोपले. शहरभर खोल घळी आहेत, इथे ‘रॅव्हीन’ म्हणतात, त्यांत डॉन, हंबर अशा नद्या आणि त्यांचे ओढे. पूर्वी तिथेही घरं होती. १५ ऑक्टोबर १९५४ च्या रात्री हेझल चक्रीवादळ आलं. आधीच्या पावसाने जमीन तुडुंब झालेली होती, पाणी मुरायला जागाच नव्हती. हंबरकाठची रेमोर ड्राइव्ह ही गल्ली घरांसकट वाहून गेली. त्या एका गल्लीत पस्तीस माणसं गेली आणि कॅनडात एकूण ८१.

त्यानंतर सरकारने पूररेषेतल्या जमिनी ताब्यात घेतल्या, घरं हलवली आणि नदीकाठी पुन्हा बांधायचं नाही असं ठरवलं. विशेष म्हणजे ते पाळलं. आज रेमोर ड्राइव्हच्या त्या भागात उद्यान आहे, पोरं चेंडू खेळतात, आणि कोपऱ्यावर जुन्या झुलत्या पुलाचा खांब अजून उभा आहे. पानशेत ज्यांच्या आठवणीत आहे ते पुणेकर या ठिकाणी जरा जास्त वेळ उभे राहतात. १९६१ चा जुलै आणि मुठेचं पात्र, मग पात्रात काय काय उभं राहिलं, असा विषय निघतो. मी त्यात पडत नाही.

इन्सुलिन इथे सापडलं म्हणतात, ते नक्की कुठे?

टोरांटो विद्यापीठात. १९२१ च्या उन्हाळ्यात. फ्रेडरिक बँटिंग एकोणतीस वर्षांचा, दवाखाना न चाललेला सर्जन. चार्ल्स बेस्ट बावीस वर्षांचा, नुकताच पदवी घेतलेला. प्राध्यापक मॅक्लाउड यांनी त्यांना खोली आणि प्रयोगाला काही कुत्री दिली आणि स्वतः सुट्टीवर स्कॉटलंडला गेले. अर्क सापडला, पण माणसाला देण्याइतका शुद्ध नव्हता. ते काम नंतर जेम्स कॉलिप या रसायनतज्ज्ञाने केलं.

११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला टोरांटो जनरल हॉस्पिटलमध्ये पहिलं इंजेक्शन दिलं. फारसा उपयोग झाला नाही, उलट सुई टोचली तिथे गळू आलं. कॉलिपने बारा दिवस खपून अर्क शुद्ध केला. २३ तारखेच्या इंजेक्शनने रक्तातली साखर खाली आली. तोपर्यंत या आजारावर उपाय एकच होता, उपाशी ठेवणं. लेनर्ड त्यानंतर तेरा वर्षं जगला.

१९२३ चं नोबेल बँटिंग आणि मॅक्लाउड यांना मिळालं. बँटिंग इतका भडकला की त्याने आपली अर्धी रक्कम बेस्टला जाहीर केली, मग मॅक्लाउड यांनी अर्धी कॉलिपला दिली. पेटंट मात्र बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं. बँटिंगचा वाढदिवस १४ नोव्हेंबर, आपल्याकडचा बालदिन. जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळतात तो त्यामुळेच. आमचे एक काका फ्रीजमधलं पेन बरोबर घेऊन फिरतात. विद्यापीठाच्या त्या रस्त्यावर पाटी वाचून झाल्यावर त्यांनी बाकावर बसून शर्ट वर केला, दुपारचं इंजेक्शन तिथेच घेतलं आणि म्हणाले, ‘चला, नैवेद्य झाला.’

घड्याळाचा आणि टोरांटोचा काय संबंध?

सॅन्डफर्ड फ्लेमिंग नावाचा रेल्वे इंजिनियर. १८७६ मध्ये आयर्लंडमध्ये वेळापत्रकातल्या चुकीमुळे त्याची गाडी चुकली आणि रात्र स्टेशनवर काढावी लागली. बाकीचे लोक अशा वेळी स्टेशनमास्तरशी भांडतात. याने जगाचं घड्याळ दुरुस्त करायला घेतलं. १८७९ मध्ये टोरांटोतल्या कॅनेडियन इन्स्टिट्यूटमध्ये त्याने जगाचे चोवीस कालविभाग करायची कल्पना मांडली, आणि पाच वर्षांनी वॉशिंग्टनला त्यासाठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली.

इथे मुंबईकरांची मान ताठ होते. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली तेव्हा मुंबईने ती मानायला नकार दिला. ‘बॉम्बे टाइम’ प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागे, आणि शहरात ती १९५५ पर्यंत चालली. फ्लेमिंगला आयुष्यात एवढा चिवट विरोध क्वचितच भेटला असेल.

ट्राम अजून चालते? मुंबईची तर कधीच गेली.

मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली. टोरांटोतही काढायचं ठरलं होतं, पण १९७२ मध्ये नागरिकांनी आंदोलन करून ती वाचवली. आज उत्तर अमेरिकेतलं सगळ्यात मोठं जाळं इथे आहे. इथे ‘स्ट्रीटकार’ म्हणतात. रूळ मात्र विचित्र: १,४९५ मिलिमीटर रुंद, जगातल्या नेहमीच्या मापापेक्षा साठ मिलिमीटर जास्त. कारण असं सांगतात की वाफेच्या रेल्वे कंपन्यांनी आपल्या मालगाड्या शहराच्या रस्त्यात घुसवू नयेत. सहा सेंटिमीटरने शहर राखलं.

आणि पहिली टॅक्सी?

ती चालवली थॉर्नटन ब्लॅकबर्न याने. हा अमेरिकेतल्या केंटकीतून पळालेला गुलाम. डेट्रॉइटमध्ये त्याला आणि बायको लूसीला पकडलं, तर तिथल्या काळ्या लोकांनी दंगा करून सोडवलं. अमेरिकेने त्यांना परत मागितलं, इथल्या सरकारने दिलं नाही. १८३७ च्या सुमारास त्याने चार माणसांची घोडागाडी बनवून घेतली, लाल-पिवळी, नाव ‘द सिटी’. लिहितावाचता येत नसलेल्या या माणसाने शहराची पहिली टॅक्सी सेवा चालवली. घर कुठे होतं ते लोक विसरून गेले. १९८५ मध्ये एका शाळेच्या आवारात खणताना ते सापडलं.

रविवारी काही उघडं असतं का?

आता सगळं. पूर्वी हे शहर इतकं सोवळं होतं की रविवारी बागेतले झोके कुलूप लावून ठेवायचे आणि मोठ्या दुकानाच्या शोकेसवर पडदा ओढायचे, नुसतं बघूनही पाप नको म्हणून. ‘जंक्शन’ नावाच्या भागात तर दारूबंदी १९०४ ला लागली ती २००० पर्यंत.

हे उत्तर ध्रुवाजवळ आहे ना?

टोरांटो पॅरिसच्या दक्षिणेला आहे. जवळजवळ इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या अक्षांशावर. नकाशा दाखवल्याशिवाय कुणी मानत नाही, आणि जानेवारीत दाखवला तरी मानत नाही.

पोहे आणि तूरडाळ मिळेल का? की बॅगेत आणू?

बॅगेत साड्या आणा. टोरांटो परिसरातली जवळपास निम्मी माणसं कॅनडाबाहेर जन्मलेली आहेत, त्यामुळे पोहे जाड, पातळ, दगडी असे तिन्ही मिळतात. जुनी जागा बघायची तर जेरार्ड स्ट्रीटला जा. तिथे १९७२ मध्ये ‘नाझ’ थिएटरात हिंदी सिनेमे लागायला लागले. लोक सिनेमाला लांबून येत, मग त्यांच्यासाठी साड्यांचं दुकान, मग मिठाई, मग पानवाला, असा अख्खा बाजार त्या पडद्याभोवती उभा राहिला. थिएटर कधीच बंद झालं, बाजार आहे. भाजलेलं कणीस, लिंबू-मीठ-तिखट लावलेलं, तिथे फुटपाथवर मिळतं. गणपतीला टोरांटोचं मराठी भाषिक मंडळ असतंच.

बरं, मग नायगाराला कधी निघायचं?

सकाळी सातच्या आत. अंतर सव्वाशे ते एकशे तीस किलोमीटर, पण आठनंतर हायवे भरतो आणि मग दीड तासाचे तीन होतात. हवा स्वच्छ असेल तर आदल्या संध्याकाळी टॉवरवरून तळ्यापलीकडे त्याचा तुषार पांढऱ्या धुरासारखा दिसतो. धबधब्याचं पाणी याच तळ्यात येतं. डबा मी करून देतो, स्वेटर तुमचे तुम्ही घ्या.